वक्त्याचं मानधन: 'हातात'ला आकडा आणि बिलातला आकडा

ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसच्या मेळाव्याला एक नामवंत माजी क्रिकेटपटू बोलवायचे होते. वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर ठरलं आणि मग एजंटने बॉम्ब टाकला: फोनवरचा आकडा 'हातात' पडणारा होता!

गणित असं. हातात ९ लाख हवेत, तर १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) धरून बिल १० लाखांचं होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख ८० हजार. विमान, हॉटेल वेगळंच. टीडीएस जीएसटी वगळून मूळ रकमेवर कापायचा आणि तो वक्त्याच्याच पॅनवर जमा होतो, मग तो आम्ही का सोसायचा? एजंटकडे उत्तर नव्हतं.

मी एजंटला अधिकार दिल्याचं वक्त्याच्या मॅनेजरचं पत्र मागितलं. ते येईना. (इथेच काय ते कळलं.) शेवटी थेट मॅनेजरशी बोलले. करारात 'टीडीएससह, जीएसटी वेगळा' असं लिहून घेतलं, म्हणजे टीडीएस ठरलेल्या मानधनातूनच कापायचा. निम्मी रक्कम आगाऊ, बाकी भाषणानंतर. रद्द झाल्यास परतावा, रेकॉर्डिंगची परवानगी, फोटोसाठीचा वेळ, सगळं कागदावर. फोटोवरून मात्र घासाघीस झालीच. सीईओंना सेल्फी हवा होता.