लॅबव्ह्यूमध्ये कंट्रोल बदलल्यावर पॅनेल विचित्र दिसतंय? या चुका टाळा

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या टेस्ट-बेंचवर लॅबव्ह्यूची (मोजमाप-चाचणीचे प्रोग्राम चित्ररूपात जोडून बनवायच्या सॉफ्टवेअरची) जुनी पॅनेल्स, म्हणजे ऑपरेटरला दिसणारे पडदे, अजून मुकाट काम करताहेत. ग्राहकाची मागणी साधी असते: "प्रोग्रामला हात लावू नका, फक्त दिसायला जरा नवं करून द्या." मग २०११ च्या आवृत्तीपासून मिळणारी सिल्व्हर शैलीची कंट्रोल्स (पॅनेलवरची बटणं, गेज, आकड्यांचे चौकोन) जुन्यांच्या जागी बसवली जातात आणि भलतंच दिसू लागतं. गेजचे आकडे एकमेकांवर चढतात, बटणाचा रंग मळकट होतो, एखादा इंडिकेटर लुकलुकत राहतो. इथे ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आधी बघायचं ते हे, की जुन्या कंट्रोलकडून नव्याकडे काय काय आलं.

रिप्लेस केलं म्हणजे कोरं कंट्रोल मिळालं, असं समजणं

राइट-क्लिक करून रिप्लेस केलं की लॅबव्ह्यू जुन्या कंट्रोलचं शक्य तेवढं जपतं: नाव, वर्णन, डिफॉल्ट व्हॅल्यू, रंग, आकार. दोन्ही जितकी सारखी, तितकं जास्त टिकतं. स्लाइडच्या (सरकपट्टीच्या) जागी वेगळ्या शैलीची स्लाइड घेतली तर उंची आणि स्केलसुद्धा तेच राहतं. स्ट्रिंग (मजकुराचं कंट्रोल) घेतली तर नाव, वर्णन आणि डेटाची दिशा (कंट्रोल की इंडिकेटर) एवढंच उरतं.

आता प्रेशरचा छोटा गेज घ्या. सिल्व्हर गेजची कडा जाड, पण तो जुन्याच मापात कोंबला जातो आणि आकड्यांना जागा उरत नाही. एक रिकामा व्हीआय (लॅबव्ह्यूची प्रोग्राम-फाइल) उघडा, तोच गेज पॅलेटमधून नव्याने टाका आणि प्रॉपर्टीजच्या अपिअरन्स टॅबवर त्याची उंची-रुंदी बघा. ते माप तुमच्या गेजला द्या. रंगही त्या कोऱ्या गेजशेजारी ठेवून ताडून पाहा, नुसत्या नजरेच्या अंदाजाने लावू नका.

वैतागून डिलीट करणं

हे आगीतून फुफाट्यात. जुनं कंट्रोल उडवलं की वायर (डेटा नेणाऱ्या रेघा) तुटतात, त्याची व्हॅल्यू दुसरीकडे वापरणारी लोकल व्हेरिएबल्स पोरकी होतात, कनेक्टर पेनवरची (इतर व्हीआयशी जोडणाऱ्या टोकांवरची) जागा रिकामी होते आणि टॅबिंग ऑर्डरही (टॅब की दाबल्यावर फिरण्याचा क्रमही) बदलते. रिप्लेसच वापरा. फक्त एक लक्षात असू द्या: नवं कंट्रोल स्वतःचा डेटा टाइप घेऊनच येतं. साध्या न्यूमरिकच्या जागी एनम (ठरावीक नावांची यादी) आला आणि वायरमधून डबल (दशांश संख्या) येत असेल, तर ब्लॉक डायग्रामवर (पॅनेलमागच्या प्रोग्रामच्या आकृतीवर) लाल ठिपका, म्हणजे डेटा टाइप बदलावा लागल्याची खूण, दिसेल. तो ठिपका दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण एनम पूर्णांकच धरतो, अपूर्णांक गेला.

एकावर एक ठेवणं

लुकलुकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. नव्या कंट्रोलला मोठं माप दिलं की त्याची चौकट शेजारच्या लेबलखाली सरकते. वर पारदर्शक पट्टी असेल तर डोळ्यांना काही कळतही नाही. पण खालची व्हॅल्यू बदलली की वरचंही पुन्हा रंगवावं लागतं, मग पॅनेल मंदावतं आणि फ्लिकर होतं, म्हणजे लुकलुकतं. संशयित कंट्रोल उचलून मोकळ्या जागी ठेवा आणि प्रोग्राम चालवा. फ्लिकर थांबलं तर दोष जागेचा, कंट्रोलचा नाही. एकटा ग्राफ किंवा चार्टच लुकलुकत असेल तर त्याच्या ॲडव्हान्स्ड मेनूतलं स्मूथ अपडेट्स चालू करून बघा.

फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर तपासणं

कोथरूडच्या ऑफिसात विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १२५ टक्के आणि शॉपफ्लोअरच्या पीसीवर १०० टक्के असेल, तर तेच पॅनेल दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसणार. सिस्टीम शैलीची कंट्रोल्स तर मुळातच त्या त्या विंडोजचं रूप घेतात. ॲप्लिकेशन फाँटही मशीनप्रमाणे बदलतो, म्हणून लेबल कापलं जातं. तुमच्या लॅबव्ह्यूच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलीतल्या फाँटच्या ओळी एक्झीच्या (ग्राहकाला दिलेल्या तयार प्रोग्रामच्या) आयएनआय फाइलीत घाला. ऑपरेटरला "ALARM" ऐवजी "ALAR" दिसणं मला किरकोळ गोष्ट वाटत नाही.

टाइपडेफ विसरणं

दहा ठिकाणी वापरलेलं कंट्रोल एका ठिकाणी बदलून उरलेली नऊ आपोआप बदलत नाहीत. साधा टाइपडेफ (वेगळ्या फाइलीत ठेवलेली कंट्रोलची सामायिक व्याख्या) फक्त डेटा टाइप सांभाळतो, दिसणं नाही. दिसणंही सगळीकडे एकसारखं हवं असेल तर स्ट्रिक्ट टाइपडेफ करा, मूळ फाइल उघडून तिथेच रिप्लेस करा आणि अप्लाय चेंजेस दाबा.