राज्याची सीमा ओलांडताना पिस्तूल सोबत आहे? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाच्या आसपास राहणारी आपली मंडळी शनिवारी किराण्यासाठी सहज शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या एडिसनला जातात. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडायला दोन मिनिटं पुरतात. पण कमरेला पेनसिल्व्हेनियाच्या परवान्यावरचं पिस्तूल असेल, तर पुलापलीकडे तोच माणूस गुन्हेगार ठरतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका दोन मुलांच्या आईचं हेच झालं. न्यू जर्सीत पोलिसांनी गाडी थांबवली आणि तिने आपणहून पिस्तूल असल्याचं सांगितलं, परवानाही दाखवला. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या तुरुंगवासाची वेळ आली. शेवटी २०१५ मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर क्रिस्टी यांनी तिला माफी दिली.

ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, तसा पिस्तुलाचा परवानाही चालेल, ही पहिली चूक. अमेरिकेत कोणाचा परवाना मानायचा ते प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. न्यू जर्सी, न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्निया बाहेरचा परवाना मानत नाहीत. वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम निघण्याआधी त्या राज्याच्या सरकारी संकेतस्थळावर बघा. गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका, ती बदलते. परवाना मानला गेला तरी मॅगझिनची (पिस्तुलात गोळ्या भरायच्या कप्प्याची) मर्यादा पाळावीच लागते, न्यू जर्सीत ती दहा गोळ्यांची आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आतल्या केंद्रीय बंदीतून सूट मिळते ती शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेल्या परवान्याला. हे फार कमी जणांना माहीत असतं.

आपल्या लोकांसाठी सर्वांत गंभीर गोष्ट व्हिसाची. एच-१बी किंवा एल-१ (नोकरीचा), एफ-१ (शिक्षणाचा) किंवा पर्यटक व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं असे मोजकेच अपवाद आहेत, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते. गाडी नागरिक मित्राची, पिस्तूलही त्याचं, पण पिस्तूल डिकीत ठेवून चावी एच-१बीवरच्या भावाला दिली, तर भाऊ अडकू शकतो. असं करू नका, कळकळीची विनंती आहे. ग्रीन कार्डवाल्याला पिस्तूल घेता येतं, पण शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. वीस वर्षांचा संसार एका पुलावर पणाला लागतो.

आता प्रवासात बंदूक नेण्याबद्दलच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याबद्दल, कारण सर्वाधिक गैरसमज त्याचाच आहे. ‘कायदा आहे ना, मला कुठूनही जाता येतं’ असं लोक ठामपणे सांगतात. हा कायदा वाटेतल्या कडक राज्यातून सुखरूप पार पडण्यापुरता आहे. जिथून निघालात आणि जिथे पोचणार, त्या दोन्ही ठिकाणी तुम्हाला पिस्तूल बाळगण्याची मुभा हवी. पिस्तूल रिकामं हवं. पिस्तूल आणि गोळ्या, दोन्हींपर्यंत बसल्या जागेवरून हात पोचता कामा नये. वेगळी डिकी नसलेल्या गाडीत ते कुलूपबंद पेटीत ठेवा. डॅशबोर्डचा कप्पा किंवा दोन सीटांमधला कप्पा अशी पेटी म्हणून धरला जात नाही, मग त्याला कुलूप असलं तरी. कमरेला लपवून नेणं तर या कायद्यात बसतच नाही. एडिसनलाच जाऊन मुक्काम करायचा असेल, तर पिस्तूल घरी ठेवा.

वाटेतला मुक्कामही घातक ठरतो. २००५ मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं पुढचं विमान न्यू जर्सीतल्या नुअर्कला चुकलं. पिस्तूल नियमाप्रमाणे कुलूपबंद बॅगेत होतं. त्याने बॅग ताब्यात घेतली, रात्र हॉटेलात काढली, सकाळी काउंटरवर पिस्तुलाची माहिती दिली आणि त्याला अटक झाली. आरोप नंतर मागे घेतले गेले, पण २०१० मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हॉटेलात बॅग हाताशी असल्यामुळे या कायद्याचं संरक्षण लागू होत नव्हतं. मला हा निकाल फार कठोर वाटतो, पण नियम तोच आहे. अशी वेळ आली तर बॅग विमान कंपनीच्याच ताब्यात राहू द्या.

विमानात पिस्तूल केवळ चेक-इन सामानात जातं: रिकामं, टणक कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगून. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या बहुतेक भरलेल्या होत्या. ‘बॅगेत आहे हे विसरलोच’ हे कारण दंड टाळायला पुरत नाही. घरून निघताना रोजची बॅग पूर्ण रिकामी करून बघा.

नायगाऱ्याची सहल असेल तर पिस्तूल नेऊच नका. न्यू यॉर्कमध्येच ते चालत नाही, आणि पलीकडे कॅनडाची सीमा आहे.

पोलिसांनी थांबवलं तर काय, हा प्रश्न नेहमी येतो. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात परवानाधारकाने पिस्तूल असल्याचं स्वतःहून लगेच सांगणं बंधनकारक आहे. इतर काही राज्यांत विचारल्यावरच सांगावं लागतं. दोन्ही वेळी हात स्टिअरिंगवर ठेवा, पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगा आणि त्या दिशेला हात नेऊ नका. गाडीच्या झडतीची परवानगी मागितली तर नम्रपणे नकार देण्याचा हक्क तुम्हाला आहे. त्यानंतर काही बोलायचं असेल ते वकिलासमोरच बोला.