चिंचोक्यांनी मोजणी: चार वर्षांच्या लेकरासाठी

लेकरू एक ते दहा घडाघडा म्हणते, पण समोरचे सहा चिंचोके मोजताना आठ सांगते. तोंड बोटाच्या पुढे धावते, किंवा एकच चिंचोका दोनदा मोजला जातो. म्हणून पसरून मोजायला लावू नका. दोन कटोऱ्या घ्या, एकीत 5 चिंचोके ठेवा. एक उचलायचा, दुसरीत टाकायचा, 'टक्' आवाज झाला की मगच आकडा म्हणायचा. हा आवाजच खरी शिकवणी आहे.

शेवटी विचारा, "एकूण किती?" ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून उमगलेले नाही. रागावू नका, आठवडाभर पाचावरच राहा, मग एकेक वाढवा. रोज दहा मिनिटे पुरे.

तीन वर्षांखालच्यांना चिंचोके, तूर, हरभरा देऊच नका, घशात अडकतात. त्यांना कांदे, बटाटे किंवा संत्री द्या. तिनापेक्षा मोठी लेकरे मोजत असतील, तरी जवळ बसून राहा. दाणा नाकात गेलाच, तर काडीने कोरू नका, आत सरकतो. हरभरा ओलाव्याने फुगतोही. लगेच दवाखान्यात न्या.