कारच्या स्पीकरला अॅम्प निवडताना आधी काय बघायचं

अॅम्प (अॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारा डबा) घ्यायचा ठरला की पहिल्यांदा बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला २००० वॉटचा आकडा डोक्यातून काढून टाका, तो पीक पॉवरचा, म्हणजे क्षणभरच मिळणाऱ्या पॉवरचा असतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही. बघायचं ते आरएमएस, म्हणजे अॅम्प सतत किती पॉवर देतो ते, आणि ती पण किती ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विद्युत रोध). सीईए-२००६ (अॅम्पची पॉवर मोजायचं एक स्टँडर्ड) असं लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण ती पॉवर १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (सिग्नल बिघडणं) ठेवून मोजलेली असते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात. तसं काही नसेल तर सरळ अॅम्पवरचा फ्यूज बघा. समजा फ्यूज ३० अँपिअरचा आहे, तर १४.४ व्होल्टला अॅम्प बॅटरीकडून फार तर साधारण ४३० वॉट खेचणार, आणि क्लास एबी (जास्त तापणाऱ्या सर्किटचा) असेल तर त्यातले अर्ध्याहून थोडे जास्त स्पीकरला पोचतात, बाकीची नुसती उष्णता. मग १००० वॉट आरएमएस येणार कुठून?

आता स्पीकरकडे या, कारण खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. स्पीकरच्या मागे किंवा माहितीपत्रकात आरएमएस, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरला स्पीकर किती डेसिबल वाजतो) हे तीन आकडे शोधा. स्पीकर ७५ वॉट आरएमएसचा असेल तर अॅम्प दर चॅनलला (चॅनल म्हणजे एका स्पीकरसाठीचं आउटपुट) ६० ते ९० च्या दरम्यान चालेल, मी तरी थोडा वरचाच घेईन, कारण छोटा अॅम्प फुल ताणला की क्लिप होतो (सिग्नलची टोकं कापली जातात) आणि बिचारा ट्विटर (उंच, बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) आधी जळतो, लोकांना वाटतं फक्त मोठ्या अॅम्पनेच स्पीकर उडतात पण तसं नाहीये. स्टिरिओवर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असलं तरी त्याचा आतला अॅम्प प्रत्यक्षात १५-२० वॉट आरएमएसच देतो, म्हणून आवाज वाढवला की चिरकतो. आणि सेन्सिटिव्हिटी विसरू नका, पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे ९० डेसिबलचा स्पीकर ५० वॉटमध्ये जेवढा वाजतो तेवढाच ८७ वाल्याला वाजवायला १०० वॉट लागतात.

चॅनलचं गणित सोपं आहे. चार दरवाज्यांचे स्पीकर असतील तर ४ चॅनल, सबवूफर (सब, म्हणजे फक्त बास वाजवणारा मोठा स्पीकर) पण हवा असेल तर वेगळा क्लास डी (कमी तापणारा) मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अॅम्प नाहीतर ५ चॅनलचा एकच. मागच्या स्पीकरची फार पर्वा नसेल तर ४ चॅनलचे मागचे दोन ब्रिज करून (दोन चॅनल जोडून एक करून) त्यावर सब लावता येतो, पण इथे जपून, ब्रिज केल्यावर ४ ओहमचा सब प्रत्येक चॅनलला २ ओहमसारखा दिसतो. आणि ड्युअल ४ ओहम कॉईलचा (आत ४ ओहमच्या दोन कॉईल असलेला) सब पॅरलल जोडला की २ ओहम होतो, सिरीजमध्ये ८, म्हणजे तो २ ओहमवाला ब्रिज केलेल्या चॅनलला लावला तर प्रत्येक चॅनलवर १ ओहमचा लोड, बहुतेक ४ चॅनल अॅम्प तिथे प्रोटेक्टमध्ये जातात, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद होतात. म्हणून सब घ्यायच्या आधीच तो कसा जोडणार ते कागदावर काढून बघा.

वायरमध्ये काटकसर नको. ४ गुणिले ७५ म्हणजे ३०० वॉट, क्लास एबीला साधारण ३५-४० अँपिअर लागणार, अॅम्प डिकीत असेल तर ४ गेजची शुद्ध तांब्याची वायर टाका (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअमची टाकायची असेल तर एक साईझ जाड घ्या. मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच, हा अॅम्पसाठी नसतो, वायर बॉडीला घासून शॉर्ट झाली तर गाडीला आग लागू नये म्हणून असतो, त्यामुळे यात तडजोड अजिबात करू नका. ग्राउंड आखूड, तेवढ्याच जाडीचा, आणि रंग खरवडून खालच्या पत्र्यावर बोल्टने कसलेला. आरसीए केबल (स्टिरिओकडून अॅम्पकडे सिग्नल नेणारी) पॉवर वायरच्या दुसऱ्या बाजूने न्या. कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आउटपुट नसेल तर हाय लेव्हल इनपुटवाला (स्पीकरच्या वायरमधूनच सिग्नल घेणारा) अॅम्प बघा, स्टिरिओ बदलायची गरज नाही.

शेवटी गेन, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलशी अॅम्प जुळवायचं ते बटण आहे. स्पीकर काढून ठेवा, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर, स्टिरिओचा आवाज पाऊण, १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन लावा (सबसाठी ५० हर्ट्झ) आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अॅम्पच्या आउटपुटला धरा. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३ व्होल्ट, तिथपर्यंत गेन हळूहळू वाढवायचा आणि थांबायचं. मग दरवाज्याच्या स्पीकरला ८० हर्ट्झचा हाय पास (त्याखालचा बास अडवणारा फिल्टर) आणि सबला त्याच्या आसपास लो पास (त्यावरचा आवाज अडवणारा), इथून पुढे कानाने ऍडजस्ट करा. एक्सिलेटर दाबल्यावर आवाजात शिट्टी येत असेल तर नवा फिल्टर विकत घेण्याआधी तो ग्राउंडचा बोल्ट परत काढून साफ करून घट्ट बसवा.