पहिल्या रात्री सगळे येतात, पुढचे तीन महिने कोण बघणार?

आमच्या पूर्व भागात एखाद्या पोरानं जिवाचं बरंवाईट करायचा प्रयत्न केला की अर्ध्या तासात गल्ली गोळा होते. कुणी रिक्षा आणतं, कुणी पैसे काढतं, मंडळाची पोरं रात्रभर सिव्हिलच्या दारात बसतात. एवढं सोलापूरला कुणी शिकवायला नको. पण पोरगं काही दिवसांनी घरी येतं आणि मग त्या घराकडं कुणी फिरकत नाही. धोका तेव्हाच मोठा असतो. प्रयत्न झाल्यावर किंवा दवाखान्यातून सुटल्यावर पहिले काही आठवडे, आणि पुढं तीनेक महिने, माणसाला सगळ्यात जास्त जपावं लागतं असं मानसोपचाराच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

मी साखर पेठेच्या बाजूला अभ्यासिका चालवते. येणारी पोरं नववी ते बारावीची, थोडी स्पर्धा परीक्षावाली. वडील लूमवर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात, आई घरी विड्या वळणारी. घरात तेलुगू, शाळेत मराठी, मोबाईलवर हिंदी. मला सगळी अक्का म्हणतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळं इथं औषधोपचाराचं काही सांगत नाही. शेजारी, शिकवणीवाले, मंडळवाले, मेडिकलवाले यांना काय करता येतं तेवढंच लिहिते.

नजर कशावर ठेवायची

रडणारं पोरगं सगळ्यांना दिसतं. चिडणारं, उलट बोलणारं, दार आपटून जाणारं पोरगं मात्र ‘वयच तसं आहे’ म्हणून सुटून जातं. या वयातली उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानंच बाहेर येते. झोप उडणं किंवा दिवसभर लोळणं, जेवणावरचं मन जाणं, दोस्तांना टाळणं, अचानक मार्क घसरणं, यातलं एखादं कुणाचंही होतं. दोन-तीन गोष्टी एकदम दिसल्या आणि आधीचं पोरगं असं नव्हतं, तर मनात नोंद करायची.

काही गोष्टींना मात्र वाट बघायची नाही. एप्रिलच्या उन्हात, जिथं आपल्याला अंगावर बनियन नको होतो, तिथं पोरगी रोज फुल बाह्या घालून येते आणि हात झाकते. पोरगा आपल्या नोट्स, घड्याळ, इयरफोन वाटून टाकतो. ‘मी नसलो की तुमचा खर्च वाचंल’ असं हसत हसत बोलतो. किंवा कित्येक दिवस अस्वस्थ असलेलं पोरगं एका दिवसात एकदम शांत, गोड होतं. घरच्यांना हायसं वाटतं तेव्हाच आपण जाऊन त्याच्याशी बोलायचं.

विचारायचं सरळ

चारचौघांत नाही, आई-वडिलांसमोर उभं करून तर नाहीच. मी चहाला म्हणून बाहेर नेते आणि चालता चालता बोलते. समोरासमोर बसलं की पोरं गप्प होतात, शेजारून चालताना बोलतात. सुरुवात साधी: “काय गं, कसल्या विचारात असायलीस? जेवायलीस का नीट? झोप लागायलीय का?” थोडं बोलणं झालं की आडवळण घ्यायचं नाही: “जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का?”

हा प्रश्न विचारला की नसलेला विचार डोक्यात भरतो, ही भीती मला खूप जण बोलून दाखवतात. तसं होत नाही. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं म्हणून पोरं सुटकेचा श्वास टाकतात. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचं विचारायचं: काही ठरवलंय का, कधी, त्यासाठी काही आणून ठेवलंय का. ठरवलेलं असेल तर त्या क्षणापासून पोरगं एकटं राहणार नाही. त्याच्यासोबत संडासच्या दारापर्यंत जायचं.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधी द्यायचं नाही. मी म्हणते, “गल्लीत सांगणार नाही. पण तुला वाचवायला ज्यांची मदत लागंल त्यांना सांगणार, आणि आधी तुला सांगून मगच.”

एक वाक्य आपल्याकडं फार चालतं: ‘आईकडं बघ, विड्या वळून बोटं झिजली तिची तुझ्यासाठी.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या पोराला आधीच वाटत असतं की आपण घरावर ओझं आहोत, आणि आपण त्यावर शिक्का मारतो. त्याऐवजी काहीच न बोलता बसलेलं बरं.

तो दिवस, ती रात्र

एकानं पोराजवळ बसायचं. दुसऱ्यानं घरातल्या गोळ्या, शेतीचं औषध, रसायनं, धारदार वस्तू उचलून शेजारच्या घरी ठेवायच्या. आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा. तीव्र इच्छेची लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात.

तिसऱ्यानं फोन करायचा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट. मराठीसह तेलुगू, कन्नड, हिंदी, उर्दूतही बोलता येतं. आपल्या भागात हे फार कामाचं, कारण आजीला मराठीत रडता येत नाही. पोरगं बोलायला तयार नसेल तर आपण करायचा आणि ‘शेजारच्या पोराबद्दल बोलायचंय’ असं सांगायचं. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. जीव धोक्यात असेल तर १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२.

पोरानं काही घेतलं असेल, तर ‘बरं दिसतंय, सकाळी बघू’ असं करायचं नाही. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. जे घेतलं त्याचं पाकीट, बाटली, उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्यायच्या आणि थेट सिव्हिलचा अपघात विभाग गाठायचा. सिव्हिल म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय, त्यामुळं विषबाधेचे आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात.

तिथं खरं सांगायचं. इथंच घरचे अडतात. ‘चुकून घेतलं’, ‘पाय घसरला’ असं सांगतात, कारण पोलीस केस होईल ही धास्ती. दवाखाना एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवायची केस नोंदवतो, पोलीस येऊन जबाब घेतात, हे खरं आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला भरून शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या ३०९ कलमासारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही. खोटं सांगितलं तर चुकीचा उपचार होतो आणि मनाच्या डॉक्टरांकडं पोरगं पोचतच नाही.

घरी सोडायच्या आधी एकच हट्ट धरायचा: मानसोपचार विभागाची पुढची तारीख कागदावर लिहून घ्यायची.

आता खरं काम

घरी आल्यावर पूर्ण गल्लीनं भेटायला जायचं नाही. चार-पाच जण ठरवायचे, प्रत्येकाकडं एकच काम, आणि ते एका कागदावर लिहून आईच्या हातात द्यायचं.

पहिलं काम ओपीडीचं. तारीख का चुकते? आई बेफिकीर असते म्हणून नाही. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागं मिळते, सकाळ ओपीडीच्या रांगेत गेली की त्या दिवसाचा हिशेब कोसळतो. दोन शेजारणींनी तिचं पान कापून दिलं, थोड्या विड्या वळून दिल्या, की ती निवांत जाऊ शकते. नाहीतर ज्याच्याकडं गाडी आहे त्यानं पोराला न्यायचं. मला विचाराल तर शंभर दिलासे एका बाजूला आणि चुकू न दिलेली एक तारीख एका बाजूला.

दुसरं काम गोळ्यांचं. पूर्ण पाकीट पोराच्या हातात नको, मोठ्या माणसानं कुलपात ठेवून रोजची रोज द्यायची. उदासीवरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून आठव्या दिवशी बंद करतात, ‘बरं वाटतंय’ म्हणून दुसऱ्या महिन्यात बंद करतात, दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. लहान वयात सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढताना दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

तिसरं काम नुसतं जाण्याचं. जायचं, दहा-पंधरा मिनिटं बसायचं, ‘का केलंस’ विचारायचं नाही. शेंगाचटणी-भाकरी खायची, मॅचचं बोलायचं, उठायचं. परवा पुन्हा यायचं. त्याच्या वयाचा एखादा मित्र या यादीत हवाच, पण त्याच्यावर राखणीची जबाबदारी टाकायची नाही. काही वेगळं दिसलं तर कोणत्या मोठ्याला सांगायचं, एवढं त्याला माहीत असलं की झालं. जानेवारी असेल तर गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला घेऊन जा. पाळण्यात बसायचं नसेल तर नुसतं होम मैदानावर फिरून या.

चौथं काम शाळेचं. सगळ्या स्टाफला कळायची गरज नाही. एका विश्वासाच्या शिक्षकांना सांगायचं, बुडलेला अभ्यास कसा भरायचा ते ठरवायचं. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि हे निर्देश क्लासेसनाही लागू आहेत. शाळेत समुपदेशक नाही असं उत्तर आलं तर ही तारीख नम्रपणे सांगायची.

घरातली वडीलधारी दर्ग्याला किंवा देवऋष्याकडं न्या म्हणतील. मी भांडत नाही. दुवा मागायला कुणाची ना नाही, पण ओपीडीची तारीख आणि गोळी चुकवायची नाही. मारणं, उपाशी ठेवणं, धुरी देणं असलं काही निघालं तर तिथं मी भांडते. ‘लग्न लावून टाका, आपोआप सुधारंल’ हा सल्ला आला तर तिथंही.

आणि या सगळ्यात पोरीनं किंवा पोरानं सांगितलं की कुणीतरी अंगाला हात लावलाय, त्रास दिलाय, तर ते पंचांत बसून मिटवायचं प्रकरण नव्हे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ज्या मोठ्या माणसाला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ वर फोन केला तर पुढची वाट तेच दाखवतात. पोराला तीच गोष्ट पाच जणांसमोर पुन्हा सांगायला लावू नका.

बॅनरबद्दल

हे मंडळाच्या पोरांसाठी. एखादं पोर वाचलं नाही, तर चौकात त्याचा मोठा फोटो लावून डिजिटल बॅनर करू नका. स्टेटसवर त्याचे रील फिरवू नका, कसं केलं त्याची चर्चा चहाच्या टपरीवर नको. तुमचं दुःख खरं आहे, माझी तक्रार त्याच्यावर नाही. पण त्याच चौकातून रोज जाणारं एखादं खचलेलं पोर बघत असतं की जिवंतपणी ज्याला कुणी विचारलं नाही, त्याचा आता एवढा मोठा फोटो लागलाय. एकामागून दुसरं, असं या वयात घडतं, हे जगभर नोंदलेलं आहे. बॅनरच्या पैशात त्याच्या जवळच्या मित्रांची यादी करा आणि महिनाभर त्या प्रत्येकाच्या घरी जा.

निकालाचा दिवस

दहावी-बारावीचा निकाल बहुतेक वेळा दुपारी एकला ऑनलाइन लागतो. घरात मोठी माणसं कामावर, पोरगं मोबाईल घेऊन एकटं. त्या दिवशी अभ्यासिका उघडी ठेवावी, तिथंच निकाल बघायला बोलवावं. जी आली नाहीत त्यांना संध्याकाळच्या आत फोन, उचलला नाही तर घरी. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे वर्ष वाया जातंच असं नाही, हे त्याच दिवशी वडिलांना समजावून सांगायचं. पोराला दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी चालतं, त्या दिवशी त्याला ऐकूच जात नाही.

आमच्या भिंतीवर एक कागद असतो: १४४१६, १०९८, १०८, ११२, आशाताई, गाडीवाला, दोन शिक्षक, मेडिकलवाले काका, मंडळाचा अध्यक्ष. बारावीची बॅच गेली की जूनमध्ये तो नव्यानं लिहायचा आणि प्रत्येक नंबर लावून बघायचा. अध्यक्षांचा मात्र गणपतीनंतर पुन्हा एकदा तपासावा, बदललेला असतो.