झगमगाटामागचे रिकामे गोवे कसे टिपावे

मे महिना सरला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे पर्यटकांसाठीची तात्पुरती खानपानगृहे, उतरवले जातात, आणि बांबू, फळ्या, छपराच्या झावळ्या ट्रकात भरून गेल्यावर वाळूत खांबांचे खड्डे तेवढे उरतात. हंगाम ओसरलेले गोवे टिपायचे असेल तर सुरुवात या खड्ड्यांपासून करावी. नुसती मोकळी वाळू कोणत्याही किनाऱ्याची असू शकते. इथे कोणी बसले होते आणि उठून गेले, हे सांगणारी खूण चौकटीत असेल तरच रिकामेपण दिसते. पावसाने विटलेला खाद्यपदार्थांचा फलक किंवा ताडपत्रीखाली बांधून ठेवलेल्या आरामखुर्च्या पुरतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा, ३५ मिमीच्या आसपासचे भिंग वापरावे आणि खूण पुढे, समुद्र मागे अशी मांडणी करावी. लांबचे जवळ आणणारे भिंग टाळावे, कारण ते मधली मोकळी जागा गिळून टाकते.

कळंगुट आणि बागा येथे भर पावसातही शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी उजाडताच पोहोचावे. ढगाळ पांढऱ्या आकाशामुळे कॅमेरा सारे चित्र काळपट करतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणारा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप वाढवून पाहावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). भिंगावरचे खारे तुषार दर काही मिनिटांनी पुसावे लागतातच. माझी एक अख्खी सकाळ वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावरची वाफ पुसण्यात गेली आहे. आता मी तो बंद पिशवीतच अर्धा तास आधी बाहेर ठेवतो.

पर्यटकांनी रिकाम्या केलेल्या जागांहून वेगळे रिकामेपण दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या लोटली, चांदर अशा गावांत भेटते. परदेशी गेलेल्या कुटुंबांची घरे तिथे कुलपात आहेत. अशा एका घराच्या खिडकीत काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने होती, त्यातली दोन गळून पडलेली. कडीवरचे कुलूप गंजलेले, मात्र बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीच्या, पायऱ्या त्याच सकाळी झाडलेल्या. शेजारच्या बाई रोज झाडत असत. तो झाडलेला भाग चौकटीत घेतला नसता तर घर उगाच भुताटकीचे वाटले असते. आवारात शिरण्यापूर्वी शेजाऱ्यांना विचारावे. पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीत लोक दारापुढच्या छायाचित्रकारांना कंटाळले आहेत, आणि त्यांचे बरोबरच आहे.

इतिहासातला रिकामेपणा हवा असेल तर जुने गोवे गाठावे. रोगराईने ते शहर ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीला मिळाला. तिथल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या ४६ मीटर उंच मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ साली कोसळला. उरलेला जांभ्या दगडाचा भाग टिपताना पायथ्याशी एखादे माणूस येईपर्यंत थांबावे, नाहीतर उंचीचा अंदाज येत नाही.

शेवटी एक कंटाळवाणे, पण करायलाच हवे असे काम. किनाऱ्यावर जिथे उभे राहिलात तिथला माड आणि भिंगाची लांबी वहीत लिहून ठेवावी आणि डिसेंबरात, भर हंगामात, त्याच माडाखाली पुन्हा उभे राहावे. शॅकच्या जागा सोडत काढून वाटल्या जातात, त्यामुळे खूण म्हणून शॅकचे नाव लिहू नये, माडच लिहावा.