चूक मुलाची की पुठ्ठ्याची? घरी गणिताची साधनं बनवताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी ठाणे-वाशी लोकलची पट्टी काढली. ठाणे ०, दिघा गाव १, ऐरोली २, असं करत वाशी ८. आम्ही ऐरोलीचे, त्यामुळे लेकीला स्टेशनं तोंडपाठ. विचारलं, "आपल्या स्टेशनापासून तीन स्टेशनं पुढे गेलीस तर कुठे उतरशील?" तिने ऐरोलीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "एक". रबाळे दोन, घणसोली तीन. उतरली घणसोलीला. म्हणजे दोन अधिक तीन चार!

मी चारदा समजावलं, पाचव्यांदा आवाज चढला. मग पट्टीकडे नीट पाहिलं. स्टेशनांचे गोल मी रंगवून ठसठशीत केले होते आणि मधलं अंतर रिकामंच होतं. जे ठळक दिसतं तेच पोर मोजणार. संख्यारेषेवर मोजायची असते उडी, ठिपका नाही. दोन-दोन स्टेशनांमध्ये कमानी काढल्या, शर्टाचं एक बटण लोकल म्हणून दिलं आणि बटण हललं तरच आकडा म्हणायचा असं ठरवलं. दोन दिवसांत ती कोपरखैरण्याला उतरायला लागली. तुमची पट्टी १ पासून सुरू होत असेल तर आधी ० लावा, नाहीतर पुढे फूटपट्टीवरही हाच घोळ होतो.

तेव्हापासून मूल एकच चूक पुन्हा पुन्हा करायला लागलं, की मी आधी साधन तपासते.

चिकटवलेले गठ्ठे

आइस्क्रीमच्या काड्या किंवा खराट्याचे हीर दहा-दहाने बांधून दशक दाखवतात. हौशी पालक हे गठ्ठे फेव्हिकॉलने पक्के करतात, वर चमकी लावतात. दिसतात छान, पण ३२ मधून ८ काढायची वेळ आली की सगळं अडतं. सुट्या काड्या दोनच, आठ द्यायच्या कुठून? इथे मुलाने स्वतःच्या हाताने एका गठ्ठ्याचं रबर काढायला हवं. आता गठ्ठे दोन आणि सुट्या बारा. त्यातल्या आठ गेल्या, उरल्या २४. वहीत आपण ज्याला 'दशक सुटा केला' म्हणतो, ते म्हणजे हे रबर निघणं. गठ्ठे बांधायचं कामही मुलालाच द्या. नऊच काड्या बांधल्या तरी लगेच टोकू नका, सोडताना कळेलच.

एक लाल मणी म्हणजे दहा, असं सुरुवातीलाच सांगू नका. मुलाला तो एकच मणी दिसतो आणि त्याचं बरोबरच असतं. खेळातल्या दहाच्या नोटेचंही तेच. गठ्ठे अंगवळणी पडले की मग नोटा काढा.

रंगीबेरंगी माळ

शंभर मण्यांची माळ करायची तर रंग दोनच घ्या: दहा पांढरे, दहा निळे, पुन्हा दहा पांढरे. ठाण्याच्या बाजारात, जांभळी नाक्याला गेलं की सात रंग घ्यायचा मोह होतो. मीही घेतले होते. सत्तेचाळीस शोधताना लेक दर वेळी पहिल्या मण्यापासून मोजत बसायची.

बावन्न लिहिताना २५

मराठी माध्यमात हे घरोघरी दिसतं. बावन्न म्हणताना दोन आधी ऐकू येतो, मग लिहितानाही २ आधीच पडणार. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'पन्नास दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ उडाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागची कारणं समजावून सांगितली होती. मला 'बावन्न' सोडवत नाही, पण अडचण खरी आहे. एका लांब चिठ्ठीवर ५० लिहा, अर्ध्या लांबीच्या चिठ्ठीवर २. लहान चिठ्ठी बरोबर शून्यावर ठेवली की ५२ दिसतात. लांबी सारखी ठेवलीत तर मूल ५०२ मांडेल. एकोणपन्नाससाठी माळेवर पन्नासापर्यंत जाऊन एक मणी मागे यायचं, कारण एकोण म्हणजे एक कमी. नव्व्याण्णव मात्र या ओळीत बसत नाही, ते तसंच पाठ करून घ्या.

पुठ्ठ्याचं घड्याळ

याचे दोन्ही काटे सुटे फिरतात. साडेतीन दाखवताना आपण लहान काटा थेट ३ वर ठेवतो, भिंतीवरच्या घड्याळात तो ३ आणि ४ च्या मध्ये असतो. मग मूल पावणेचारला पावणेपाच म्हणतं. बंद पडलेल्या घड्याळाचा सेल काढा आणि मागची चावी फिरवायला द्या, दोन्ही काटे जोडीने सरकतात.

घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर मणी, चिंचोके, बटणं खेळून झाल्यावर मोजून डब्यात. तोंडात किंवा नाकात जायला क्षण लागतो.

सगळं जमलं तरी मूल काड्यांशिवाय हलेना, असंही होतं. काड्या एकदम काढून घेऊ नका. बारा काड्या मांडा, सातांवर रुमाल टाका आणि विचारा, "रुमालाखाली किती?" आमच्याकडे पहिले तीन दिवस रुमाल उचलूनच पाहिला गेला. चौथ्या दिवशी तिने आधी उत्तर दिलं, मग रुमाल उचलला.